पिंजऱ्यातले दोघे भाऊ

29 ऑगस्ट, रात्री साडेअकरा

आज जेवणं लवकर आटोपली. पोरं झोपली आणि मी कानाला हेडफोन लावून पुन्हा ती लढत बघायला बसलो. दर वर्षी या तारखेला बसतोच. 29 ऑगस्ट 1994, शिकागोचं युनायटेड सेंटर, डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीचा (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) समरस्लॅम हा मोठा कार्यक्रम. सभागृह इतकं कोरं की तिथला हा पहिलाच कार्यक्रम. रिंगच्या चारी बाजूंना निळ्या लोखंडी गजांचा पिंजरा आणि आत ब्रेट हार्ट, ओवेन हार्ट. सख्खे भाऊ. किताब थोरल्याकडे. लढत बत्तीस मिनिटांच्या वर चालली.

आम्ही ती पहिल्यांदा पाहिली कॅसेटवर, काही महिन्यांनी. गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढून शनिवारी रात्री व्हीसीआर भाड्याने आणला होता. मोठ्या माणसांचे दोन पिक्चर संपले तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, मग आम्हा पोरांची पाळी आली. दादा नववीत, मी सहावीत. दादा ब्रेटचा. ट्रम्प कार्ड खेळताना उंची, वजन, छाती कशावरही ब्रेटचं कार्ड हरलं, तरी तो ते द्यायचा नाही, त्याच्या बदल्यात दुसरी दोन द्यायचा. मी कोणाचा हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. गुलाबी-काळ्या कपड्यातला, गॉगल काढून कठड्याजवळच्या एखाद्या लहान पोराला घालणारा ब्रेट समोर असताना दुसऱ्याचं नाव घ्यायची सोयच नव्हती. पण मी ओवेनचा होतो.

ओवेन बारा भावंडांतला बारावा. आठ भाऊ, चार बहिणी, आणि हा शेंडेफळ. ब्रेटपेक्षा आठ वर्षांनी लहान. वडील स्टू हार्ट म्हणजे कॅनडातल्या कॅल्गरीचे वस्ताद. राहत्या घराच्या तळघरात त्यांची तालीम होती, तिला सगळे डंजन म्हणायचे. नवा पोरगा शिकायला आला की स्टू स्वतः त्याला पकडीत घ्यायचे आणि तो किंचाळेपर्यंत सोडायचे नाहीत. मुलंही त्याच गादीवर घडली. शिवाय घरची कंपनी, स्टॅम्पीड रेसलिंग. जावईसुद्धा पैलवान: जिम नाइडहार्ट आणि डेव्ही बॉय स्मिथ, म्हणजे ब्रिटिश बुलडॉग. त्या घरात शेंडेफळ म्हणून वाढायचं म्हणजे थोरल्यांनी वापरून झालेले डाव शिकायचे आणि तरीही स्वतःचं काही दाखवायचं. सहावीतल्या मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळायचं, की हा मागून आलेला आहे आणि याला कोणी पुढे उभं राहू देत नाही.

भांडणाची सुरुवात नोव्हेंबर 1993 मधली, बोस्टनच्या सर्व्हायव्हर सिरीजची. चार हार्ट भाऊ एका बाजूला. ओवेन धावत येऊन दोरांबाहेर उभ्या असलेल्या ब्रेटवर आदळला आणि त्या गोंधळात तो एकटा बाद झाला. बाकी तिघे जिंकून हात वर करून उभे, आणि धाकटा खालून ओरडतोय. घरात हे चित्र कितीदा तरी पाहिलेलं असतं. पुढे जानेवारी 1994 ला रॉयल रंबलमध्ये दोघे मिळून जोडीच्या किताबासाठी लढत होते. ब्रेटचा गुडघा गेला. ओवेन कोपऱ्यात हात पुढे करून उभा होता, पण ब्रेटने त्याच्या हाताला हात लावून त्याला आत घेतलं नाही, स्वतःच शार्पशूटर (पाय पिळून समोरच्याला शरण आणायचा त्याचा डाव) लावायला गेला आणि कोसळला. रेफ्रीने लढत थांबवली. मग ओवेनने त्याच दुखऱ्या पायावर लाथ घातली. दादा त्या लाथेबद्दल पुढे कित्येक महिने बोलत होता. मला मात्र तो कोपऱ्यात पुढे केलेला हात लक्षात राहिला.

20 मार्चला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया 10. पहिलीच लढत या दोघांची, आणि ओवेनने ब्रेटला सरळ, कुठलीही लबाडी न करता हरवलं. ब्रेट त्याच्या खांद्यांवरून गुंडाळी घ्यायला गेला, ओवेन जागच्या जागी बसला आणि थोरल्याचे खांदे टेकले. त्याच रात्री शेवटच्या लढतीत ब्रेटने योकोझुनाला हरवून किताब जिंकला. सगळे पैलवान रिंगमध्ये येऊन ब्रेटला उचलून घेतायत, आणि ओवेन वाटेत उभा राहून बघतोय. मी आजच याला हरवलं, मग पट्टा याच्या कमरेला कसा? एक शब्दही न बोलता त्याच्या चेहऱ्यावर हे सगळं आहे. त्या कंपनीच्या एवढ्या वर्षांत मला याहून चांगला अभिनय आठवत नाही. जूनमध्ये ओवेन किंग ऑफ द रिंग ही स्पर्धा जिंकला, तोही मेव्हण्या नाइडहार्टच्या मदतीने. म्हणजे घर आता उघड दोन बाजूंना फुटलं होतं. आपल्याकडे यासाठी भाऊबंदकी हा तयार शब्द आहे.

म्हणून पिंजरा. घरच्यांपैकी कोणी मध्ये पडू नये आणि कोणी पळून जाऊ नये.

नियम साधा आणि फार क्रूर. चीतपट नाही, शरणागती नाही. दारातून किंवा वरून चढून बाहेर पडायचं, आणि ज्याचे दोन्ही पाय आधी जमिनीला लागतील तो जिंकला. कुस्तीत समोरच्याला खाली धरून ठेवणारा जिंकतो. इथे सोडून जाणारा जिंकतो. त्यामुळे 32 मिनिटं दोघे भाऊ एकमेकांपासून सुटायला बघतात, आणि दुसरा त्याला परत आत ओढतो. आज मी मुद्दाम फक्त हात बघत होतो. ब्रेटचा हात ओवेनच्या घोट्यावर. ओवेनचा हात ब्रेटच्या ओल्या केसांत. दारातून अर्धा बाहेर गेलेला ओवेन, बोटं खालच्या गाद्यांना जवळजवळ लागलेली, आणि मागे कोणीतरी पाय धरलाय. ब्रेट वरच्या आडव्या गजावर एक पाय टाकून बसलाय आणि ओवेन उडी मारून त्याला पकडतोय. हे इतक्यांदा होतं की दुसऱ्या कोणाच्या लढतीत कंटाळा आला असता. इथे येत नाही, कारण प्रत्येक वेळी अंतर थोडं कमी होतं. आधी हात गजापर्यंत पोचतो, मग गुडघा, मग छाती बाहेर.

एका ठिकाणी ओवेन शार्पशूटर लावतो. ब्रेटचाच डाव, ब्रेटवरच. शरणागती नाही म्हणजे त्या डावाने लढत संपणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पण पाय दुखले की चढता येत नाही, म्हणून लावायचा. ब्रेट तो उलटवून त्याच्यावर लावतो. आणि ब्रेटने पिंजऱ्याच्या अगदी वरून ओवेनला घेऊन मारलेला सुप्लेक्स, म्हणजे समोरच्याला उचलून मागे पाठीवर आपटायचा डाव! दोघे पाठीवर आदळतात आणि कितीतरी वेळ कोणी हलत नाही. मी अजूनही तिथे श्वास धरतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रक्त नाही. एक थेंब नाही. अमेरिकेत पिंजऱ्यातली लढत म्हणजे कपाळ फुटणार, हे ठरलेलं असायचं, लोक त्यासाठीच यायचे. या दोघांनी ते न करता लोकांना खुर्चीच्या कडेला बसवून ठेवलं. कुस्तीवर लिहिणारे अमेरिकन पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांनी या लढतीला पाच तारे दिले.

हे सगळं ठरवलेलं असतं हे कोणी मला सांगायची गरज नाही. आमच्या भागात त्याला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात. मातीत ते बरोबरच आहे. मैदानाला तिकीट काढून, डाव बघायला आलेल्या माणसाला नुरा खेळणारा पैलवान फसवतो. पण इथलं वेगळं. इथे निकाल ठरलेला, पडणं मात्र खरं. वरच्या गजावरून मागे पडताना ओवेनचं डोकं कसं लागेल हे ब्रेटच्या हातात होतं, आणि ब्रेटची मान ओवेनच्या. भांडण खोटं होतं. त्या खोट्या भांडणासाठी लागणारा भरवसा अख्खा खरा होता. वैरी म्हणून एवढं चांगलं लढायला ती तळघरातली वर्षं लागतात, असं मला दर वर्षी नव्याने वाटतं.

शेवटी दोघेही वरून बाहेर आले. गजांना बाहेरून लटकून एकमेकांना ठोसे मारत होते. ब्रेटने ओवेनचं डोकं गजांवर आपटलं, ओवेन मागे गेला आणि त्याचे पाय गजांत अडकले. तो उलटा लोंबकळत राहिला. डोकं खाली, हात मोकळे, जमीन समोर दिसते पण पोचत नाही. ब्रेट खाली उतरला. संपलं. मग नाइडहार्टने प्रेक्षकांत बसलेल्या बुलडॉगला मागून झोडपलं, नाइडहार्ट आणि ओवेन ब्रेटला परत पिंजऱ्यात घेऊन दाराला कुलूप लावून मारू लागले, बाकीचे भाऊ बाहेरून गजांवर चढू लागले. स्टू आणि हेलन, आई-वडील, तिथेच बसलेले. हा भाग मला आवडत नाही, आजही पुढे ढकलला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ओवेनने डोळ्यांत पाणी आणून आईला विनवलं, आणि हेलनने ब्रेटसाठी टॉवेल फेकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली. किताब बॉब बॅकलंडकडे गेला. ओवेन हसत धावत आत गेला. दादाने तेव्हा टीव्हीच बंद केला होता. वजन, उंची, आवाज, सगळ्यांत मोठे असलेले पैलवान त्या काळात होते. पण पोराला खरा राग आणणारा खलनायक एकच होता, आणि त्याला तो राग आणता येत होता म्हणून ब्रेट एवढा मोठा दिसला. ओवेनला त्या कंपनीचा मुख्य किताब कधीच मिळाला नाही. मला ते अजून लागतं.

पुढे 1997 मध्ये सगळे पुन्हा एक झाले. त्या वर्षी 6 जुलैला कॅल्गरीत, घरच्या गावात, पाच विरुद्ध पाच जणांच्या लढतीत स्टीव्ह ऑस्टिनला चीत करून सामना जिंकून दिला तो ओवेनने. नंतर अख्खं घर रिंगमध्ये. आई, वडील, बहिणी, नातवंडं. ती क्लिप मी लढतीनंतर लगेच लावतो, नेहमी.

आणि मग 23 मे 1999. कॅन्सस सिटीचा केम्पर अरेना. ओवेनला छतावरून दोराने खाली सोडायचं होतं, नुसतं प्रवेशासाठी. दोराचा हूक सुटला. सुमारे 78 फुटांवरून तो रिंगमध्ये पडला आणि गेला. 34 वर्षांचा होता. मागे बायको आणि दोन लहान मुलं. तो कार्यक्रम त्यानंतरही चालू ठेवला गेला, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाऊही नये.

मी तेव्हा दहावी संपवून सुट्टीत घरी होतो. बातमी दादानेच सांगितली. तो म्हणाला, "तुझा ओवेन गेला रे." मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

आज शिकागोची लढत बघताना तो उलटा लोंबकळणारा ओवेन आला तिथे मी थांबवलं. पाय अडकलेले आहेत म्हणून तो पडत नाही. बराच वेळ तसंच ठेवलं.

कॅसेट पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातली लोखंडी कॉट पिंजरा झाली होती. चार कोपऱ्यांना मच्छरदाणीचे दांडे, नियम शिकागोचेच: दोन्ही पाय फरशीला लागले की जिंकला. दादा दर वेळी घोटा धरून मला परत ओढायचा. एका दुपारी मी डोकं पुढे घालून कडेवरून सुटायला गेलो आणि तोल गेला. कपाळ शहाबादी फरशीपासून वीतभर वर, घोटा दादाच्या हातात. त्याने सोडला नाही. "हात टेक. आधी हात टेक," म्हणत राहिला. मी हात टेकले तेव्हा त्याने हळूहळू पाय खाली सोडले, एक, मग दुसरा, आणि स्वतःच मोठ्याने ओरडला, "ओवेन जिंकला!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. मच्छरदाणीचा एक दांडा वाकला होता, तो पुढे तसाच राहिला.