गाणं आधी कुठे टाकायचं?

गाण्याचं मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांची आणि आवाजांची एकत्र जुळणी, पक्कं झालं. आता हे गाणं आधी कुठे टाकायचं, यावर मन पुन्हा अडलंय.

एके काळी उत्तर एकच होतं. २००३ साली सुरू झालेल्या मायस्पेस या सोशल नेटवर्कवर बँडचं पान असणं हीच ओळख. पान उघडताच गाणं वाजायचं, रंग आणि मांडणी आपल्या मर्जीची. त्यापुढे फेसबुकची एकसारखी पानं अगदी कोरडी वाटायची. पण २००७ मध्ये फेसबुकवर पेजेस आली, श्रोतेही तिकडे वळले, मग कोरडेपणा चालवून घेणं भाग होतं. जिथे ऐकणारा, तिथे गाणं.

मायस्पेसबद्दलचा जिव्हाळा मात्र २०१९ पर्यंत टिकून होता. त्या वर्षी कळलं की सर्व्हर बदलताना बारा वर्षांत लोकांनी अपलोड केलेली गाणी नष्ट झाली. इंटरनेटवरचा जुना ठेवा जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेला त्यातली साधारण ४ लाख ९० हजार परत मिळवता आली. ज्यांच्याकडे मूळ फाइल नव्हती, त्यांचं काम गेलं ते गेलंच. याचं वाईट आजही वाटतं. म्हणून मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, कायम स्वतःकडे: २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वॅव्ह (दर्जा न घटवलेली ऑडिओ फाइल), तीन मिनिटांच्या स्टिरिओ गाण्याला साधारण ४८ एमबी, दोन वेगळ्या डिस्कवर. सोबत प्रत्येक वाद्याचा ट्रॅक सुटा काढून. वाद्य दुसऱ्या मिनिटाला येत असलं तरी त्याची फाइल शून्य सेकंदापासूनच सुरू व्हायला हवी. मग पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की सगळं तालात बसतं.

इन्स्टाग्रामवर राग आणि लोभ दोन्ही. २०१६ मध्ये पोस्टचा क्रम वेळेवरून न ठरता अल्गोरिदमवर गेला, तेव्हापासून कार्यक्रमाची पोस्ट काहींना तारीख उलटल्यावर दिसते. पण अनोळखी कानांपर्यंत गाणं रीलमुळेच पोचतं, हेही तितकंच खरं. खरी अडचण आहे ती फोनच्या स्पीकरची. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि एवढासा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. बेसचा आवाज वाढवून काही होत नाही, नुसता लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं साधन) सगळं दाबतो आणि गायकाचा आवाज मागे जातो. त्यापेक्षा बेसच्या ट्रॅकची एक प्रत घ्यावी, तिचा १५० हर्ट्झखालचा भाग कापावा, उरलेल्यावर सॅच्युरेशन (वरचे सूर वाढवणारा हलका खरखरीतपणा) द्यावं आणि ती प्रत मूळ ट्रॅकच्या जोडीला अगदी हलकी मिसळावी. वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले उंच सूर, ऐकू आले की खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. मग सगळं एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐकायचं. रुंदी वाढवणाऱ्या इफेक्टमुळे डावी-उजवी बाजू उलट फेजमध्ये (एकीची लहर वर तेव्हा दुसरीची खाली) गेली असेल, तर दोन्ही एकत्र येताच गिटार गायब होते.

यूट्यूबबाबत मत सगळ्यात जास्त बदलत राहतं. तिथे गाणं जुनं होत नाही, शोधलं की सापडतं. पण डिस्ट्रिब्युटरने (आपलं गाणं वेगवेगळ्या सेवांवर पोचवणारी कंपनी) गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं की आपल्याच चॅनेलवरच्या व्हिडिओवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो. म्हणून व्हिडिओ टाकण्याआधी आपलं चॅनेल डिस्ट्रिब्युटरकडून वगळून घ्यायचं. गाण्यात सर्वांना विकला जाणारा तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) असेल, तर कंटेंट आयडीत नोंदवूच नये. तोच लूप रीतसर घेतलेल्या दुसऱ्या संगीतकारावर विनाकारण क्लेम जातो. आणि मास्टरचा आवाज फार मोठा ठेवण्यात फायदा नाही. साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) वर गेला की तिथे आवाज खाली आणला जातो, दाबून सपाट झालेले ड्रम मात्र तसेच राहतात.

कलाकाराला आपली गाणी थेट श्रोत्याला विकू देणाऱ्या बँडकॅम्पवर सध्या सर्वाधिक जीव आहे. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात, श्रोत्याला फ्लॅक (दर्जा न घटवता आकार लहान केलेली) फाइल मिळते, आणि त्याने परवानगी दिली तर त्याचा ईमेलही आपल्याकडे येतो. गर्दी कमी, पण आलेला माणूस ऐकायला आलेला असतो.

तर या वेळी बँडकॅम्प आधी, मग यादीतल्या लोकांना ईमेल, मग यूट्यूब. रील शेवटी, तीही थेट ध्रुवपदावरून सुरू होणारी. सुरुवातीची चोवीस मात्रांची गिटार कापायला हात धजत नाही, पण रीलवर तेवढा वेळ कुणी थांबणार नाही. ती अख्खी ऐकायची असेल त्याच्यासाठी बँडकॅम्पची लिंक खाली देईन.