दत्तक लेकीला अमेरिकेत आणताना: दिल्लीतील अडकलेले दिवस आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

"कल्चरचा निकाल आल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही, आठ आठवडे धरून चाला," असे दिल्लीत, मुलीच्या अमेरिकी व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणी केंद्राच्या खिडकीवर आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. कल्चर म्हणजे नमुन्यात क्षयाचे जंतू वाढतात का, हे पाहणारी चाचणी. हे वाक्य आमच्या बाबतीत चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे कळेपर्यंत अकरा दिवस गेले होते, पतींचे परतीचे तिकीट रद्द झाले होते, आणि दोन महिन्यांच्या बोलीवर घेतलेल्या खोलीची ६८,००० रुपयांची आगाऊ रक्कम भरून झाली होती, जिच्यातील निम्मी पुढे परत मिळाली नाही. आमच्यामागून याच वाटेने येणाऱ्या मराठी कुटुंबांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोघे मूळचे महाराष्ट्रातील, आता अमेरिकेचे नागरिक. पश्चिम महाराष्ट्रातील एका दत्तक संस्थेतून साडेचार वर्षांची मुलगी आम्ही दत्तक घेतली. 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडील नोंदणी, होम स्टडी (घराची व पालकांची पाहणी), वयाची व विवाहाच्या कालावधीची अट या गोष्टी तुम्ही वाचलेल्याच असतील, असे धरून चालते. मात्र प्रवासाला निघण्यापूर्वीच्या दोन बाबी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्या दोन्ही ठिकाणी आमच्या ओळखीतील माणसे फसली आहेत.

पहिली बाब ग्रीन कार्डाची. भारतीय नियमांनुसार परदेशस्थ भारतीय नागरिकाला दत्तकासाठी देशातील पालकांच्या बरोबरीचे स्थान मिळते, म्हणून ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी व्हिसावर असलेली अनेक जोडपी 'कारा'कडे उत्साहाने नोंदणी करतात. परंतु अमेरिकेच्या बाजूने हेग कराराखाली (परदेशी दत्तकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली) पालकांच्या पात्रतेचा जो आय-८००ए अर्ज करावा लागतो, तो फक्त अमेरिकी नागरिकालाच करता येतो, आणि जोडप्यातील दुसरी व्यक्ती अमेरिकेत राहत असेल तर तिचे वास्तव्य कायदेशीर असावे लागते. दोघांपैकी एकही जण नागरिक नसेल तर हा मार्ग बंद आहे. मूल कायद्याने तुमचे होईल, पण तुमच्याबरोबर विमानात बसू शकणार नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा जोडप्याने आधी नागरिकत्व घ्यावे आणि मगच मुलाचा विचार पुढे न्यावा. मधली पळवाट सांगणाऱ्या सल्लागाराला एक पैसाही देऊ नये.

दुसरी बाब नात्यातील मुलाची. भावाचे किंवा नणंदेचे मूल १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली घ्यायचे, दत्तकपत्राची नोंदणी करायची आणि मग व्हिसा मागायचा, हा क्रम अमेरिकी दूतावासापुढे टिकत नाही. भारतात २००३ पासून आणि अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून हेग करार लागू आहे, आणि त्याचा सगळा भर पायऱ्यांच्या क्रमावर आहे. आधी आय-८००ए ची मंजुरी, मग मुलाचा प्रस्ताव आणि त्याची स्वीकृती, मग त्या विशिष्ट मुलासाठी आय-८०० ची तात्पुरती मंजुरी, मग व्हिसाचा अर्ज, मग दूतावासाचे कराराच्या कलम ५ चे पत्र (अमेरिकेची दत्तकास संमती), मग 'कारा'चे ना हरकत प्रमाणपत्र, आणि त्यानंतरच दत्तकाचा आदेश. यातील आदेश आधी घेतला आणि पत्र नंतर मागितले, तर सगळेच अडते. हा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा. आय-८००ए ची मंजुरी १५ महिनेच टिकते, हेही त्याच कागदावर लिहा. प्रस्तावाची वाट पाहता पाहता आमची मुदत संपत आली आणि परिशिष्ट ३ भरून ती वाढवून घ्यावी लागली.

जिल्ह्याच्या गावी आम्ही पंधरा दिवस होतो. ते दिवस चांगले गेले. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमची सुनावणी वीस मिनिटांत आटोपली आणि त्यानंतर 'कारा'चे हेग कराराच्या कलम २३ खालील अनुरूपता प्रमाणपत्रही (दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला) विनाविलंब मिळाले. संस्थेला द्यायचे ५,००० डॉलर नियमाने ठरलेले आहेत आणि त्याव्यतिरिक्त देणगी घेण्यास बंदी आहे. आमच्याकडे कोणी मागितलीही नाही. घोळ झाला तो फक्त जन्मदाखल्यात. मुलीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त पडला आणि तो आदेशातील नावाशी जुळेना. कार्यालयाबाहेरच्या एजंटाने दुरुस्तीचे १२,००० रुपये सांगितले. संस्थेच्या समाजसेविका ताई आम्हाला घेऊन सरळ आत गेल्या, अर्ज दिला, आणि नाममात्र शुल्कात तिसऱ्या दिवशी दुरुस्त दाखला मिळाला. त्यामुळे दाखला हातात पडताच तिथेच उभे राहून आदेशातील नावाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा, कारण पासपोर्ट त्या दाखल्यावरून निघतो आणि व्हिसा पासपोर्टावरून.

आता दिल्ली. दत्तक मुलांच्या अमेरिकी व्हिसाचे काम नवी दिल्लीतील दूतावासातून चालते, म्हणून मुंबईत न थांबता आम्ही थेट दिल्ली गाठली आणि वैद्यकीय तपासणीही तिथेच करायची ठरवली. ही माझी सर्वांत मोठी चूक. दूतावासाने मान्य केलेले डॉक्टर मुंबईतही आहेत. पासपोर्ट हाती येताच मुंबईत, आपल्या माणसांत राहून तपासणी उरकावी आणि मगच दिल्लीचे तिकीट काढावे. परक्या शहरात, नव्याने आपल्याकडे आलेल्या आणि आपल्याला अजून 'मावशी' म्हणणाऱ्या मुलाला घेऊन तपासण्यांच्या फेऱ्या मारणे दोघांसाठीही कठीण असते. संस्थेतील प्रत्येक बाई तिची मावशी होती, त्यामुळे मीही मावशीच होते.

क्षयरोगाची तपासणी हा या प्रवासाचा खरा घाट आहे. भारतातून जाणाऱ्या २ ते १४ वर्षांच्या मुलांची इग्रा नावाची रक्तचाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षय झाला असे नव्हे. जंतूंशी कधीतरी संपर्क आला, एवढाच त्याचा अर्थ. पण मग छातीचा एक्स-रे निघतो, आणि त्यात काही संशयास्पद दिसले तर कफाचे तीन नमुने घेऊन त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि कल्चर अशा दोन्ही गोष्टी होतात. सूक्ष्मदर्शकाचा निकाल थोड्या दिवसांत येतो. कल्चरला आठ आठवडे लागतात. आमच्या मुलीची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली आणि एक्स-रेमध्ये एका बाजूला पुसटशी सावली दिसली.

साडेचार वर्षांच्या मुलाला खोकून बेडका काढता येत नाही. म्हणून तीन दिवस ओळीने, पहाटे, मूल अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि रिकाम्या पोटी, नाकातून नळी घालून जठरातील द्रव काढतात. यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. पहिल्या पहाटे साडेपाचला परिचारिका आल्या तेव्हा मुलगी झोपेतच होती. मी तिचे दोन्ही हात धरले होते. नळी आत जाताना तिने श्वास कोंडला, डोळे माझ्यावर रोखले, आणि नळी बाहेर आल्यावर रडायच्या आधी विचारले, "आता दूध?" दुसऱ्या दिवशी तिने परिचारिकांना पाहताच उशीवरच्या चादरीचे टोक तोंडात कोंबले. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच मान मागे टाकली, आणि ते पाहणे मला पहिल्या दोन दिवसांपेक्षा जड गेले. हे मुलाला आदल्या रात्री सोप्या शब्दांत सांगून ठेवा आणि दूध थर्मासमध्ये तयार ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी दोन्ही गोष्टी केल्या नव्हत्या.

नमुने दिल्यानंतरच खिडकीवरचे ते वाक्य ऐकावे लागले. पतींची रजा संपत होती. थंडीचे दिवस, धुरकट हवा, आणि तशा हवेत मुलगी खोकली की नवीच भीती. आम्ही खोली दोन महिन्यांसाठी घेतली आणि वाट पाहत बसलो. अकराव्या रात्री, झोप येईना म्हणून, मी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दूतावासमान्य डॉक्टरांसाठी दिलेल्या क्षयरोगविषयक सूचना मुळातून वाचायला घेतल्या. त्यांत दत्तक मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. मूल १० वर्षांचे किंवा त्याहून लहान असेल, सूक्ष्मदर्शकाखालील तिन्ही नमुने निगेटिव्ह असतील, एक्स-रेमध्ये पोकळी किंवा मोठा पसरलेला आजार दिसत नसेल, जोराचा कफाचा खोकला नसेल, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या संसर्गजन्य रुग्णाशी संपर्क आल्याचे ज्ञात नसेल, तर कल्चरचा निकाल यायचा असतानाही मुलाला प्रवास करता येतो. आमच्या मुलीच्या बाबतीत सगळ्या अटी पूर्ण होत होत्या, आणि नमुन्यांचा निगेटिव्ह निकाल केंद्राकडे आठवडाभर पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानांची छापील प्रत घेऊन मी खिडकीवर न थांबता मुख्य डॉक्टरांना भेटण्याचा आग्रह धरला. त्यांनी दोन परिच्छेद वाचले, मुलीची फाइल मागवली, आणि त्याच दुपारी अहवाल पूर्ण करून दिला. ते सौजन्याने वागले. पण खिडकीवरील व्यक्तीने प्रौढांचा नियम एका लहान दत्तक मुलाला लावला, आणि मधल्या अकरा दिवसांत ती फाइल कोणीही उघडली नाही, हे मी विसरू शकत नाही. वैद्यकीय बाबतीत खिडकीवर मिळालेल्या कोणत्याही तोंडी उत्तरावर तिकीट रद्द करू नका आणि खोली घेऊ नका. या सूचना छापून, संबंधित परिच्छेद अधोरेखित करून, भारतात येतानाच बरोबर आणा आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या हाती द्या. लसींच्या बाबतीतही तसेच आहे: १० वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलासाठी डीएस-१९८१ हे प्रतिज्ञापत्र भरले, तर अमेरिकेत पोहोचल्यावर ३० दिवसांत लसी देण्याची मुभा मिळते. हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि मुलीला एकाच दिवशी तीन सुया टोचून घ्याव्या लागल्या.

दूतावासातील मुलाखतीबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. व्हिसाचे शुल्क ३२५ डॉलर होते, कागद क्रमाने लावलेले होते, अधिकाऱ्याने मोजके प्रश्न विचारले आणि काही दिवसांत आयएच-३ व्हिसा मिळाला. दत्तकविधी भारतातच पूर्ण झाला असेल तर हा व्हिसा मिळतो, आणि तो घेऊन १८ वर्षांखालील मूल पालकांकडे राहण्यासाठी अमेरिकेत दाखल झाले की त्या क्षणी ते अमेरिकी नागरिक बनते. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र वेगळा अर्ज न करता टपालाने घरी येते. विमानतळावर भारतीय अधिकाऱ्यांनी अनुरूपता प्रमाणपत्राची मूळ प्रत मागितली. ती मोठ्या बॅगेत गेली असती तर पंचाईत झाली असती, म्हणून मूळ कागद हातातल्या पिशवीतच ठेवा.

परतीचे तिकीट आधी काढू नका. चार आठवडे पुरतात असे आम्हाला सांगण्यात आले होते. आम्हाला सात लागले. दोघांपैकी एकाला पूर्ण सात आठवडे थांबता येणार नसेल, तर निघण्याची तारीखच पुढे ढकला. मी आज दमलेली आहे आणि कदाचित म्हणून जास्त कठोरपणे लिहीत असेन, पण या एका सल्ल्यात मी कोणतीही सूट देणार नाही.

घरी आल्यावरही काही कामे उरतात. मूल अमेरिकी नागरिक झाल्यामुळे ज्या भारतीय पासपोर्टावर ते आले तो वापरता येत नाही. तो रीतसर परत करून मगच ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींचे कार्ड) अर्ज करा. दत्तकोत्तर अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे एकूण सहा जातात. आणि एक्स-रेची सीडी जपून ठेवा. नमुने घ्यावे लागलेल्या मुलाची नोंद स्थानिक आरोग्य विभागाकडे जाते आणि ते तपासणीस बोलावतात. आम्हाला तिसऱ्या आठवड्यात बोलावले, तेव्हा डॉक्टरांनी सर्वांत आधी ती सीडीच मागितली. दिल्लीच्या कल्चरचा निकालही त्यानंतर काही आठवड्यांनी ईमेलने आला. तो निगेटिव्ह होता.