१९८३ आणि २०२४

आज अमेरिकेतल्या रॉलीत एनसी स्टेटच्या (नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या) जुन्या विद्यार्थ्यांबरोबर जेवण होतं. बास्केटबॉलचा विषय निघाला आणि ताटं तशीच राहिली.

१९८३ची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची फायनल! समोर ह्यूस्टन विद्यापीठ, त्यांच्याकडे ओलाजुवॉन आणि ड्रेक्सलरसारखे तगडे खेळाडू. स्टेट जिंकेल असं कुणाला वाटतच नव्हतं. ५२-५२ बरोबरी, शेवटचे काही सेकंद. स्टेटच्या व्हिटेनबर्गने लांबून टाकलेला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही, पण लॉरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून आत कोंबला. ५४-५२! तेव्हा कॉलेजात असलेले एक गृहस्थ चक्क उठून, हात उंचावून, चार्ल्स नेमका कुठे उभा होता ते दाखवत होते. मग मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर धावणारे स्टेटचे कोच वाल्व्हानो. ते कॅन्सरने गेले, अवघ्या ४७व्या वर्षी. हे सांगताना त्या गृहस्थांचा गळा दाटून आला.

माझी आठवण २०२४ची. सीझनच्या शेवटी सलग चार सामने हरलेली टीम, आणि एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या विभागीय गटाच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच विजय! व्हर्जिनियाविरुद्ध स्टेटच्या ओकॉनेलचा तो शेवटच्या क्षणाचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) बोर्डाला लागून आत गेला नसता तर सगळं तिथेच आटोपलं असतं. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूक विद्यापीठाला हरवून फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांत, १९८३ नंतर पहिल्यांदाच. डी. जे. बर्न्सचा तो धिप्पाड देह आणि लोण्यासारखा मऊ हात! त्याच्याइतका लोभस खेळाडू मी तरी पाहिलेला नाही.

त्याच वर्षी मुलींची टीमही फायनल फोरला पोचली होती, हे मी आवर्जून सांगितलं. मग काय, पुढचा तासभर त्याच गप्पा!