दोन्ही डिस्क एकदम कशा गेल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे, पण हा प्रश्न एकट्या तुमचा नाही. छापखाना, सी.ए.चे कार्यालय, पतसंस्था, जिथे जिथे कोपऱ्यातल्या टेबलाखाली लिनक्स या सिस्टमवर चालणारा एक सर्व्हर वर्षानुवर्षे निमूटपणे चालू असतो, तिथून केव्हा ना केव्हा हीच विचारणा येते : "दोन डिस्क लावल्या त्या याचसाठी ना? मग सिस्टम अपग्रेड केल्याबरोबर दोन्ही एकदम कशा गेल्या? आणि आता डेटा मिळेल का?" डेटा बहुतेक वेळा मिळतो. मात्र दोन्ही डिस्क एकदम गेल्या, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्या समजापोटी घाईने जे केले जाते त्यानेच खरे नुकसान होते.

दोन डिस्कवर तीच माहिती लिहिण्याच्या या पद्धतीला रेड-१ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली आपल्या निबंधात तिला पहिल्या पातळीचे स्थान दिले, तेव्हाही ती नवी नव्हती. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, हा तिचा हेतू. आणि काम थांबत नाही, हीच पुढे अडचण होऊन बसते. लिनक्समध्ये जोडीची स्थिती दाखवणारी 'एमडीस्टॅट' ही फाइल उघडली, तर दोन्ही डिस्क ठीक असताना कंसात दोन 'यू' अक्षरे दिसतात, आणि एक डिस्क बाहेर पडली की त्यांतल्या एका अक्षराच्या जागी नुसती आडवी रेघ येते. ती रेघ आपणहून कोणी पाहायला जात नाही, आणि सूचनेची ईमेल जाण्याची व्यवस्था लहान कार्यालयांत क्वचितच केलेली असते. परिणामी एक डिस्क सहा-आठ महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली असते, दुसरी एकटीच भार वाहत असते, आणि अपग्रेडच्या निमित्ताने बऱ्याच काळाने यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होते, तेव्हा त्या दुसरीचेही दुखणे उघडे पडते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असल्याने त्यांचे वयही सारखेच असते.

बाहेर पडलेली डिस्क मेलेलीच असते असेही नाही. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादे सेक्टर, म्हणजे साठवणीचा लहानसा तुकडा, वाचता आले नाही, तर ती स्वतःच बराच वेळ खटपट करत राहते. लिनक्स मात्र साधारणपणे ३० सेकंद वाट पाहून तिला प्रतिसादहीन ठरवतो, आणि पुढे तिच्यावर लिहिता आले नाही की तिला जोडीतून काढून टाकतो. अशा डिस्कवरचा जवळजवळ सगळा मजकूर वाचता येतो. कधी तर दोष डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो, आणि स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींतील सीआरसी (माहितीच्या वहनातल्या) त्रुटींचा वाढलेला आकडा तसे सुचवत असतो.

काही वेळा अपग्रेडने डिस्कना काहीच झालेले नसते, फक्त नाव बदललेले असते. एमडी-० या नावाने वर्षानुवर्षे ओळखली जाणारी जोडी नव्या सिस्टममध्ये एमडी-१२७ म्हणून उभी राहते, कारण यंत्र सुरू होताना आधी चढणाऱ्या बूट-प्रतिमेत तिची नोंद पोहोचलेली नसते. जुन्या नावावर भिस्त ठेवणारी माउंटची, म्हणजे डिस्क वापरासाठी जोडून घेण्याची ओळ मग अडखळते आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत अपयश दिसते. मदरबोर्डच्या आधाराने केलेल्या रेडमध्ये बायोस हा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम अद्ययावत केल्यावर साटाची सेटिंग मूळपदावर जाते आणि दोन डिस्क सुट्या दिसू लागतात. ही दुरुस्ती तासाभराची आहे. पण 'ही डिस्क इनिशियलाइझ करायची का?' असे विचारणाऱ्या चौकटीवर कोणी 'हो' म्हणून बसले, की तिचे रूपच पालटते.

खरी जोखमीची बाब वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पुण्यातल्या एका छापखान्यात अपग्रेडनंतर सर्व्हर व्यवस्थित सुरू झाला, फोल्डर दिसू लागले, सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग कोणाच्या तरी लक्षात आले की दिवाळी अंकांच्या फायलींत मागच्या वर्षीचेच अंक आहेत, यंदाचा एकही नाही. झाले होते ते असे, की ताजी डिस्क सुरू होताना वेळेवर उत्तर देईना, आणि कित्येक महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली शिळी डिस्क मात्र बोलू लागली. प्रत्येक डिस्कवर जोडीची एक नोंद लिहिलेली असते; शिळीवरच्या नोंदीनुसार तिची जोडीदार अजून कामावर होती. थोडा वेळ वाट पाहून सिस्टमने तिच्या एकटीच्या जोरावर जोडी उभी केली. या क्षणी कोणी ताजी डिस्क पुन्हा जोडून 'सिंक', म्हणजे एकीवरून दुसरीवर नक्कल, सुरू केले असते, तर शिळी माहिती ताज्या माहितीवर लिहिली गेली असती, आणि ते काम पडद्यावर टक्केवारी दाखवत मोठ्या शिस्तीत पार पडले असते. म्हणून कोणती डिस्क ताजी हे ठरल्याशिवाय कशालाही हात लावू नये. एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या साधनाने प्रत्येक डिस्कवरची ही नोंद नुसती वाचता येते. तिच्यात शेवटच्या बदलाची वेळ आणि 'इव्हेंट्स' हा, बदलांबरोबर वाढत जाणारा आकडा असतो. वेळेवर विसंबू नये, कारण शिळी डिस्क आज तासभर जरी चालली असेल तरी तिच्यावर आजचीच तारीख पडते. इव्हेंट्सचा आकडा त्या मानाने भरवशाचा आहे, कारण महिनोन्महिन्यांचे मागेपण एका तासात भरून निघत नाही.

त्यानंतरचे काम संथपणाचे आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करून धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे द्यावी. तिथे आमच्यासारख्या, डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्यांचे काम संपते. आवाज नसेल तर दोन्ही डिस्कच्या संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रती, दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्याव्यात. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरतो. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा मागे ठेवते आणि काय मिळाले, काय राहिले याचा नकाशा फाइलीत लिहीत जाते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे जाता येते. यापुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमांच्याही नकलेवर. एफएससीके हा फाइलसिस्टम (डिस्कवरची फायलींची मांडणी) दुरुस्त करणारा प्रोग्राम मूळ डिस्कवर चालवायचा नाही. 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून एक्स्ट-४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम माउंट केली तरी ती आपल्या जर्नलमधले, म्हणजे रोजनाम्यातले, अर्धवट राहिलेले बदल डिस्कवर लिहू पाहते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'नोलोड' हा पर्याय त्यासोबत द्यावा लागतो.

जुन्या मार्गदर्शिकांमध्ये जोडी 'नव्याने तयार करा' असा एक उपाय सर्रास सापडतो. तो मला मान्य नाही. डिस्कवरच्या जोडीच्या नोंदीची १.२ ही आवृत्ती डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसते आणि खरा डेटा त्याच्या पुढे सुरू होतो; जुन्या एमडीएडीएममध्ये तो २,०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे १ एमबीवर सुरू होई, पुढच्या काळात मोठ्या डिस्कवर २,६२,१४४व्या सेक्टरपासून, म्हणजे १२८ एमबीवर. जुनी जोडी नव्या सिस्टममध्ये 'तयार' केली, की ती भलत्याच जागी फाइलसिस्टम शोधते, काहीच सापडत नाही, आणि मालक डेटा गेला असे धरून चालतो. त्याऐवजी नोंदीतले अंतर वाचून प्रतिमेच्या त्याच जागेपासून थेट माउंट करावे. रेड-१ मध्ये एकेक डिस्क स्वयंपूर्ण असते, त्यामुळे जोडी उभी करण्याची गरजच पडत नाही.

ताज्या प्रतिमेत काही जागा रिकाम्या राहिल्याच, तर शिळी डिस्क उपयोगी पडते. डीडीरेस्क्यूने नकलेतल्या त्या जागा एखाद्या खुणेच्या शब्दाने भरायच्या, मग तो शब्द कोणकोणत्या फायलींत निघतो ते शोधायचे. त्यांतल्या ज्या फायली शिळी डिस्क बाहेर पडल्यानंतर बदललेल्या नाहीत, त्या तिच्यावरून जशाच्या तशा घेता येतात.

फाइलसिस्टमच उरली नसेल तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे फोटोरेक हे साधन हा शेवटचा मार्ग. ते फायलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या बाहेर काढते, पण नावे आणि फोल्डर परत मिळत नाहीत. हाती येतो तो आकड्यांच्या नावांचा ढीग. मराठी छापखान्यात हा ढीग अधिकच जड होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आत रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवलेला असतो, म्हणून लेखकाचे किंवा ग्राहकाचे नाव देवनागरीत टाइप करून शोध घेतला तर काहीही हाती लागत नाही. एकेक फाइल उघडून पाहणारा, ते अंक स्वतः जुळवलेला माणूस शेजारी बसवावा लागतो.

तेव्हा तुम्ही याल तेव्हा यंत्र पुन्हा चालू करून न पाहता, कोणती डिस्क कोणत्या पोर्टवर होती याची चिठ्ठी त्या त्या डिस्कवर चिकटवून दोन्ही आणा. पूर्वी बदललेली एखादी डिस्क कपाटात पडली असेल तर तीही आणा, आणि अपग्रेडनंतर कोणी काय टाइप केले ते आठवेल तसे कागदावर लिहून आणा. चुकीचे टाइप झाले असेल तर ते आधी लिहा.