डीबी स्पेक्ट्रम प्लस, परभणी: पॉवर झाली, रॅम झाली, आता मेंब्रेन

मशीन सुरू झालंय. पूर्ण नाही, पण पांढऱ्या पडद्यावर खाली '© १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड' ही ओळ उमटते आणि टिकते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटनच्या स्पेक्ट्रम प्लस या घरगुती संगणकाची परवान्याने निघालेली भारतीय आवृत्ती म्हणजे डीबी स्पेक्ट्रम प्लस. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ती १९८६ मध्ये आणली. आत तोच ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, १६ केबी रॉम आणि ४८ केबी रॅम. माझं मशीन गंगाखेडकडच्या एका माळवदाच्या घरातून आलंय. माळवदाची पांढरी माती वर्षानुवर्षं झिरपत राहते, त्यामुळे झाकण उघडल्यावर आधी बोर्ड दिसलाच नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढ्यावर साफसफाई उरकली.

असं जुनं मशीन हाती आलं की लोक सरळ अडॅप्टर लावून बघतात. तसं करू नका. एक तर याला ९ व्होल्ट लागतात आणि प्लगच्या मधल्या टोकाला मायनस असतो. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांना मध्ये प्लस असतो. दुसरं म्हणजे रॅमच्या खालच्या १६ केबीच्या आठ ४११६ चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. बारा आणि उणे पाच बोर्डावरच तयार होतात, टीआर४ ट्रान्झिस्टर आणि शेजारच्या छोट्या कॉइलच्या भरवशावर. टीआर४ गेला की उणे पाच गायब होतो, आणि तो नसताना बारा मिळत राहिले तर ४११६ मरायला लागतात. म्हणून चालू केल्याबरोबर मीटरची काळी पिन अर्थला आणि लाल पिन कुठल्याही ४११६ वर: पाय १ ला उणे पाच, पाय ८ ला बारा, पाय ९ ला पाच. हे तिन्ही आकडे बरोबर असल्याशिवाय एकाही चिपवर संशय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. माझ्याकडे तिन्ही होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र सगळे बदलले. इथल्या उन्हाळ्यात इतकी वर्षं पडून राहिलेल्या कपॅसिटरवर कोण विश्वास ठेवणार?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण मिरवतो, पण मे महिन्यातली परभणी ७८०५ रेग्युलेटरला विचारा. अडॅप्टरच्या नऊ व्होल्टांचे पाच करणारा भाग तो. वरचे चारेक व्होल्ट तो निव्वळ उष्णता करून फेकतो, म्हणजे साधारण तीन वॅट, तेही बंद डब्यात. हीटसिंकला बोट टेकवत नव्हतं. त्याच्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला. आता तो जेमतेम कोमट होतो. जुना ७८०५ पुडीत बांधून डब्यातच ठेवलाय. उद्या कुणाला मूळ रूपच हवं असलं तर असू दे.

चित्रासाठी नेहमीचा कॉम्पोझिट बदल केला, म्हणजे अँटेनाच्या सिग्नलऐवजी सरळ व्हिडिओ सिग्नल बाहेर काढला. मॉड्युलेटरच्या आतून आरसीए सॉकेटकडे जाणारा रेझिस्टर कापला नाही, एकच पाय उचलून त्यावर स्लीव्ह चढवली. व्हिडिओ १०० मायक्रोफॅरडमधून थेट सॉकेटवर आणला. घरच्या एलसीडीच्या एव्ही इनपुटला चित्र स्वच्छ येतं. लाल रंग थोडा पसरतो, तो पसरणारच.

आता मजेचा भाग. चालू करताना पडदा क्षणभर काळा होतो आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. रॉम सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरत असते, त्याचं ते दृश्य. मग ती प्रत्येक बाइटमधून दोनदा एक वजा करते आणि शून्य आलं का ते बघते. जिथे गाडी अडते तिथेच रॅम संपली असं धरते आणि गुपचूप पुढे जाते. म्हणून मशीन सुरू झालं याचा अर्थ ४८ केबी आहे असा होत नाही. रॅमचा शेवटचा पत्ता कुठला धरलाय ते मी विचारलं (PEEK म्हणजे एखाद्या पत्त्यावरचा आकडा वाचणं, POKE म्हणजे तिथे लिहिणं):

PRINT PEEK २३७३२+२५६*PEEK २३७३३

६५५३५ यायला हवं होतं. आलं ३२७६७. म्हणजे वरचे ३२ केबी हिशेबातच नाहीत. मग POKE ४००००,० करून तोच पत्ता वाचला तर ४ आलं. शेजारचे पत्तेही तेच सांगत होते. बिट २ कायमचा १ वर अडकलेला, म्हणजे त्या बिटाची रॅम चिप, आयसी१७. हा बिट शून्यावर अडकला असता तर रॉमच्या चाचणीत तो सापडलाच नसता, कारण २, १, ० या आकड्यांना त्याची गरजच पडत नाही. तेव्हा ६५५३५ आलं तरी २५५ भरून वाचून बघाच.

तिथली मूळ ४५३२ चिप शोधायच्या भानगडीत पडलो नाही, ४१६४ तिथे चालते. भंगारातल्या एका एक्सटी (जुन्या पीसीच्या) मदरबोर्डवर त्यांची रांगच मिळाली. काढायचं काम स्टेशन रोडला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. मी पंप घेऊन जपून सोल्डर ओढत बसलो, तर ते म्हणाले, "अरे बाबा, मेलेल्या आयसीला कशाला जपतोस? ट्रॅक जप. आधी पाय काप, मग एकेक उपट." बारीक कटरने सोळाही पाय कापले, एकेक पाय गरम करून चिमट्याने उचलला. एकही ट्रॅक उखडला नाही. जागेवर सॉकेट आणि त्यात ४१६४. ६५५३५ आलं.

याचे गेम कॅसेटच्या टेपवरून लोड होतात; टेपऐवजी हेडफोनचं भोक असलेला जुना मोबाइल. आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद. बॉर्डरवर आधी लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे, आणि गेम लोड.

राहिलं मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा पातळ पडदा. ए, एस, डी, एफ, जी ही पाच बटणं एकदम मेलेली आहेत, म्हणजे पट्टीतली एक ओळ तडकलेली. नशीब म्हणजे PRINT, POKE, PEEK आणि LOAD यांपैकी एकालाही त्या पाचातलं बटण लागत नाही, म्हणून इतकं काम झालं. नवीन मेंब्रेन मागवलंय. तोवर क्यू-ए-ओ-पी (वर, खाली, डावीकडे, उजवीकडे) या बटणांवर चालणाऱ्या गेममध्ये डावीकडे, उजवीकडे आणि वर जाता येतं, खाली नाही.