‘मी जिंकेन’ची रिकामी जागा

रशियन शिकतेय म्हटलं की लोक आधी लिपीबद्दल विचारतात. अक्षरं 33, ती बसतात हाताला. गाडी अडते ती क्रियापदापाशी.

‘चितात्’ म्हणजे वाचणं. चितायू, चितायेश, चितायेत: मी, तू, तो. हा पहिला गण, म्हणजे रूपं चालवण्याचा पहिला साचा. ‘गवरीत्’, बोलणं, हा दुसरा: गवर्यू, गवरीश, गवरीत. शाळेत ‘पठति पठतः पठन्ति’ घोकलेल्यांना तो शेवटचा ‘त’ ओळखीचा वाटेल, आणि तो खरोखरच नात्यातला आहे. ‘झिव्योत’ म्हणजे जगतो. शेजारी ‘जीवति’ ठेवून बघा. द्विवचन मात्र रशियननं कधीच टाकून दिलंय. उपकारच म्हणायचे.

त्याची भरपाई आघातात होते. ‘पिशू’ (मी लिहिते) म्हणताना जोर शेवटी, ‘पीशेश’ (तू लिहितोस) म्हणताना एकदम सुरुवातीला. आघाताची खूण शिकाऊंच्या पुस्तकात छापतात. साध्या वर्तमानपत्रात तुमचं तुम्ही बघा.

भूतकाळात आलं की मराठी माणसाला हायसं वाटतं. तो ‘चिताल’, ती ‘चिताला’. मी-तू-तो हा भेदच गेला, उरलं लिंग आणि वचन. कारण हे रूप मुळात धातुसाधित विशेषण. सोबत पुरुषाप्रमाणे बदलणारं ‘असणे’ असायचं, ते काळाच्या ओघात गळून पडलं. ‘गेला-गेली’तला ‘ल’ इथेही भेटतो, पण तो योगायोग. दोन्ही ‘ल’ वेगवेगळ्या वाटांनी आलेत. अनेकवचन सगळ्यांना एकच, ‘चिताली’. मिशाळ सैनिकांची अख्खी पलटण वाचत असली तरी ‘चिताली’च. माझ्या कानाला अजून त्या बायकाच वाटतात.

पण खरा सापळा पुढे आहे. आपण म्हणतो, ‘तिनं अंक वाचला’. वाचणारी ती, पण क्रियापद अंकामागे जातं. रशियनमध्ये अंक असो की पोथी, क्रियापद वाचणारीच्याच मागे: ‘चिताला’. ‘-ने’ची सवय लागलेली जीभ इथे हमखास कर्माकडे वळते. रशियन अवघड म्हणणाऱ्या मराठी माणसानं आधी आपला कर्मणी प्रयोग एखाद्या रशियनाला समजावून दाखवावा.

काही क्रियापदं तर कुठल्याच गणात धड राहत नाहीत. ‘खतेत्’, म्हणजे हवं असणं, एकवचनात पहिल्या गणातलं आणि अनेकवचनात दुसऱ्या. एकट्याची इच्छा वेगळी चालते, चौघांची वेगळी.

माझं लाडकं मात्र ‘पबेदीत्’, जिंकणं. तू जिंकशील, तो जिंकेल, आपण जिंकू, सगळी रूपं जागेवर. फक्त ‘मी जिंकेन’ला प्रमाण रूपच नाही. कानाला बरं लागेल असं काही जमलंच नाही, म्हणून रशियन माणूस ‘मी जिंकू शकेन’ किंवा ‘मी विजय मिळवेन’ असा वळसा घेतो. तक्त्यातला कोठा रिकामा सोडूनही उत्तर बरोबर, असं मला भेटलेलं हे पहिलंच क्रियापद.