आयरिश शीट अपडेट: कॉन मार्टिनने तीन कॉलम मोडले

मंडळी, जुन्या आयरिश फुटबॉल प्लेयर्सच्या एक्सेल शीटचं काम एकाच माणसावर अडकून बसलंय. कॉन मार्टिन, जन्म १९२३, डब्लिनजवळचं रश गाव. म्हटलं पंधरा मिनिटांचं काम, दोन रविवार गेले.

पहिला घोळ 'पोझिशन'चा. मी आपलं 'सेंटर हाफ' (म्हणजे बचावफळीच्या मधला) टाकून मोकळा झालो होतो, मग आयर्लंडचा जून १९४६ चा पोर्तुगाल-स्पेन दौरा भरायला घेतला तर लिस्बनमध्ये कीपर नेड कोर्टनी जखमी झाला आणि हा गडी बदली म्हणून थेट गोलमध्ये उभा, तेही पहिल्याच इंटरनॅशनलला! आठवड्याने माद्रिदला सुरुवातीपासूनच कीपर, आणि स्पेनला १-० हरवलं. बरं हे अडीनडीला म्हणावं तर १९५१-५२ ला ॲस्टन व्हिला या इंग्लिश क्लबकडून लीगच्या २७ मॅच गोलकीपिंग. आता त्या खान्यात काय लिहू?

ही सवय गेलिक फुटबॉलची असणार, हा आयर्लंडचा स्वतःचा वेगळा खेळ, तिथे उंच बॉल उडी मारून हातानेच पकडतात. हा कॉलम शीटमध्ये नव्हताच, पण किस्सा सोडवेना म्हणून वाढवला. १९४१ ला डब्लिनने गेलिकची लीन्स्टर प्रांताची चॅम्पियनशिप जिंकली, मार्टिन टीममध्ये होता, पण हा सॉकरही (म्हणजे आपलं नेहमीचं फुटबॉल) खेळतो हे कळल्यावर गेलिकवाल्यांनी मेडलच अडकवून ठेवलं, कारण तेव्हा त्यांच्यात 'परक्या' खेळांना बंदी होती. बंदी उठली १९७१ ला, मग मेडल मिळालं. तीस वर्षं!

आणि 'देश' कॉलम, तिथे तर डोकंच आउट. तेव्हा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची एक फुटबॉल संघटना, दक्षिणेत डब्लिनची एक, दोघीही टीमला आयर्लंडच म्हणायच्या, आणि बेलफास्टवाले दक्षिणेतल्या पोरांनाही बोलवायचे. मार्टिनच्या डब्लिनकडून ३० कॅप (म्हणजे इंटरनॅशनल मॅच), बेलफास्टकडून ६. कहर म्हणजे १९५० च्या वर्ल्डकप क्वालिफायरमध्ये तो दोन्हींकडून खेळलाय, सप्टेंबर १९४९ ला फिनलंडविरुद्ध डब्लिनच्या टीममधून आणि मार्च १९५० ला वेल्सविरुद्ध बेलफास्टच्या. माझं डुप्लिकेट पकडणारं फॉरमॅटिंग त्याला सारखं लाल करतंय.

एकच ओळ मी हौसेने पिवळी केलीये: २१ सप्टेंबर १९४९, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, इंग्लंड ० आयर्लंड (डब्लिनवाले) २. मार्टिनची पेनल्टी, नंतर पीटर फॅरेल. इंग्लंडला घरात पहिल्यांदा हरवलं म्हणून सगळे १९५३ च्या हंगेरीचं नाव घेतात, पण ब्रिटनबाहेरची पहिली टीम हीच.

क्लब मात्र गपगुमान बसले: ड्रमकाँड्रा, ग्लेंटोरन, लीड्स, १९४८ पासून व्हिला, १९५६ ला वॉटरफर्ड.

तात्पुरतं त्याला दोन ओळी दिल्यात, कुणाकडे बरा उपाय असेल तर सांगा. पुढचा नंबर त्याच्याच मुलाचा, मिक मार्टिन, मॅन युनायटेड आणि न्यूकॅसलवाला. त्याचा देश तरी एकच आहे.